दोष काढल्यावर जे उरतं

वहिनी,

तू या घरात यायच्या आधी आमच्याकडे औषधाचं पाकीट वाचता येणारंही कुणी नव्हतं. सिल्वासाजवळच्या गलोंड्याच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली, त्यात आम्ही चौघं. अण्णांचा दमा वाढला आणि त्यांची मशिनवरची नोकरी सुटली. दिवसभर ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि खोकल्याची उबळ आली की उठून आत यायचे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. दादाच्या बारा तासांच्या ड्युटीवर घर चालायचं. अण्णांच्या दोन गोळ्या होत्या. आईने त्या रंगावरून लक्षात ठेवल्या होत्या, पांढरी सकाळची आणि गुलाबी संध्याकाळची. एकदा दुकानात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली आणि दोन्ही पांढऱ्या निघाल्या. आई ती दोन पाकिटं घेऊन चाळभर फिरली, "वाची देस का वं कोनी?" असं विचारत. शेवटी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी आठवीतून नववीत गेलेली. पाकीट उलटं धरलं, सुलटं धरलं. मला आलं नाही.

"मंग शाळेत करस काय तू?" आई म्हणाली.

त्या दिवशी अण्णांनी एकही गोळी घेतली नाही. चुकीची घेण्यापेक्षा न घेतलेली बरी, म्हणाले. आणि मी कोपऱ्यात बसून त्यांचा श्वास ऐकत राहिले. काही करता येत नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुसऱ्यांदा आता कळतंय. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले.

तू लग्न होऊन आलीस आणि महिनाभरात धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला जायला लागलीस. उन्हाळ्यात माझा निकाल लागला. इंग्रजीत नापास. आईने ठरवूनच टाकलं, पोरगी घरी बसेल, अठराची झाली की पॅकिंगला जाईल. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता बोललीस,

"आई, हिला एक वर्ष माझ्याकडे द्या."

"तुझ्याकडे? तू किती शिकेल शेस?"

"आठवी पास."

"हां," आई म्हणाली, "सोयरीक जमवताना सगळ्याच पोरी आठवी पास ऱ्हातस."

आई हसली, अण्णा हसले. वहिनी, मीही हसले. ते आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्या हसण्यातनंच निघालंय.

तुझी शिकवायची रीत मी कॉलेजात एकदा मैत्रिणींना समजावून सांगायला गेले तर कुणाला पटेना. शाळेत आम्हाला आधी चांगला शब्द द्यायचे आणि मग त्याला पुढून काही जोडून उलटा करायला सांगायचे. तुझं सगळं मागून पुढे. तुमच्या पॅकिंगच्या भिंतीवर दोषांचा तक्ता होता. खराब बॉबिनचा फोटो आणि त्याखाली इंग्रजीत दोषाचं नाव. धागा एका बाजूला चढलाय तर अनईव्हन. टोक नीट काढलं नाही तर इम्प्रॉपर. अर्धवट भरलेली बॉबिन इनकम्प्लीट, डाग पडलेली डिसकलर. रोज बारा तास त्या तक्त्यासमोर उभी राहून तुला सगळे दोष पाठ झाले होते. पण इव्हन, प्रॉपर, कम्प्लीट हे शब्द तुला माहीतच नव्हते. ते तक्त्यावर नव्हतेच. मी विचारलं, "असं कसं?" तर म्हणालीस, "चांगल्या मालाला कोण नाव देतं ज्योते? तो नुसता पुढे जातो."

मग तुझ्या लक्षात आलं की दोषाच्या शब्दाचा पुढचा तुकडा काढला की चांगल्या मालाचं नाव सापडतं. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुझं तू शोधून काढलंस आणि ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी कंपनीतून येताना गेटवर विचारून दहा-बारा नळ्या घेऊन आलीस. ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर धागा गुंडाळतात त्या. टोक चेपलं की कंपनी त्या टाकून देते. दादाच्या हत्यारांतलं लोखंड कापायचं पातं घेऊन तू त्यांचे बांगड्यांएवढे काप केलेस. प्रत्येक नळीच्या टोकाला रंगाची पट्टी असते, कुठला लॉट ते कळावं म्हणून. लाल पट्टीवर तू अन लिहिलंस, निळ्यावर डिस, हिरव्यावर इन आणि इम. साध्या कापांवर बाकीचे शब्द. आणि सगळं ओवलंस कुठे, तर कपडे वाळत घालायच्या दोरीवर.

अण्णा दारातून ओरडले, "माझं धोतर कुठे घालू आता?"

"बाहेर घाला अण्णा. इथे इंग्रजी वाळतंय."

भाकऱ्या होईपर्यंत आपला खेळ चालायचा. तू दोष बोलायचीस, मी रंगीत बांगडी बाजूला सरकवायची आणि काय उरलं ते सांगायचं. अडले तर सकाळचं पाणी मी भरायचं, तू अडलीस तर तू. नियम एकच होता, समोरची अडली तरी आपण उत्तर सांगायचं नाही. थांबायचं. तू किती थांबायचीस! भाकरी करपायची पण तू सांगायची नाहीस.

दादा ड्युटीवरून आला की त्याला चेव यायचा. "डिस्को! डिस्कोतलं डिस काढा. को उरला. हा को कोण तुमचा?"

"तो रिजेक्ट," तू म्हणायचीस. "टाका पोत्यात."

खरंच एक पोतं होतं. ज्या शब्दांचा पुढचा तुकडा काढल्यावर हाती काहीच लागत नाही ते पोत्यात. आणि ज्यांच्याबद्दल शंका असेल ते दाराच्या खिळ्याला, त्याला तू होल्ड म्हणायचीस. कंपनीत तसंच असतं, तू मला सांगितलं होतंस. शंका आली म्हणून बॉबिन फेकायची नाही, होल्डच्या ट्रॉलीत ठेवायची. पण शिफ्ट संपायच्या आत होल्ड रिकामा झालाच पाहिजे. प्रत्येक बॉबिन पुन्हा हातात घेऊन बघायची, चांगली तर चांगली, खराब तर खराब. "तसंच ठेवून घरी जायचं नाही," तू म्हणायचीस. "दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही, शंका काय होती."

पावसाळा संपता संपता एका सकाळी आई गोळ्यांची पाकिटं घेऊन पुन्हा आली. वर्षभर ती एका पाकिटाचा कोपरा कातरून ओळख ठेवत होती, आणि नवीन आणली की पुन्हा दुकानदाराला विचारायची. या वेळी मी पाकीट मागे वळवलं. बारीक अक्षरात होतं, अनकोटेड टॅब्लेट. दुसऱ्यावर नुसतं कोटेड. मला कोटेड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण पुढे अनची, आपली लाल पट्टी दिसली. "एकीवर लाल पट्टी आहे, एकीवर नाही," मी म्हणाले. तू मागे उभी होतीस. तुला नक्की आधीच दिसलं होतं. पण तू बोलली नाहीस, थांबलीस. दुपारी आपण दोघी दवाखान्यात जाऊन विचारून आलो, लाल पट्टीची सकाळची. त्यानंतर अण्णा असेपर्यंत गोळी चुकली नाही. अण्णा तुला मास्तरीणबाई म्हणायला लागले. आधी थट्टेत, मग तसंच.

मी दहावी झाले, बारावी झाले, सिल्वासातल्याच कॉलेजातून बी.ए. झाले. आपल्या दोन्हीकडच्या नात्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. तूही लपवू दिला नाहीस. भाजीवालीला सांगायचीस, "म्याडमला नीट वजन करून द्या, बी.ए. आहे." आज एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात खुर्चीवर बसून काम करते. दुपारी डबा खाताना पाय लांब करते, आणि तेव्हा तुझे पाय आठवतात.

तू नऊ वर्षं उभी होतीस. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. घरी आलीस की भिंतीला पाय लावून दहा मिनिटं आडवी व्हायचीस आणि तुझी लेक चिमी तुझ्या पोटावर बसायची. पॅकिंगमध्ये बसून करायचं काम एकच, चेकरचं. चेकरला टेबल असतं, स्टूल असतं. बॉबिन हातात घेऊन दोष शोधायचा आणि कागदावर इंग्रजीत त्याचं नाव लिहायचं. तुझ्याइतकं ते कुणाला येत होतं? जागा निघाली तेव्हा तुमच्या सुपरवायझरनेच तुला बोलावून सांगितलं, "बेन, तमारा सिवाय कोण? खाली आठवीनुं सर्टिफिकेट लावो."

नुसतं आठवीचं सर्टिफिकेट आणा. बस, एवढंच.

तुझं माहेर दोंडाईच्याच्या पुढे. आई-वडील गेलेले, भाऊ सुरतेला, तिथे विचारायला कुणी उरलं नव्हतं. तुला सुट्टी नव्हती. पण खरं कारण तू मला सांगितलंस. "मी गेले तर मला पुन्हा बाकावर बसवतील असं वाटतं बघ. तू जा ज्योते. तुझं बोलणं ऐकतील ते. तू बी.ए."

मी हो म्हणाले. बी.ए.चा निकाल हातात येऊ दे, मग जाते. मग म्हणाले नवी नोकरी आहे, लगेच रजा कशी मागू. मग दिवाळीनंतर. तू दर वेळी "बरं" म्हणालीस. वापीहून सुरत, सुरतेहून दोंडाईचा, एका दिवसाचा रस्ता. मी मैत्रिणीच्या लग्नाला नवसारीला दोन दिवस जाऊन आले, तेव्हाही तू काही बोलली नाहीस. माझी साडी तूच इस्त्री करून दिलीस.

शेवटी त्या रविवारी कपडे धुताना तू विचारलंस. तेही हळूच. "जागा भरतील गं आता."

आणि मी म्हणाले, "वहिनी, खरंच आठवी झालीय ना तुझी? तिथवर जायचं आणि सातवीच निघायची."

तुझा हात साबणावर होता. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी वाट बघत होते, तू भांडशील, आईसारखी ओरडशील, निदान रडशील. तू म्हणालीस, "मग राहू दे." आणि चादर पिळायला दुसरं टोक माझ्या हातात दिलंस.

हे तुला मी कधी सांगितलं नाही, आता सांगते. रजेचा प्रश्न नव्हताच. मला भीती वाटत होती. आईचं ते हसणं माझ्या डोक्यात बसलं होतं. जिने मला शिकवलं ती आठवीही नाही असं निघालं तर? मग मी कुणाकडनं शिकले? माझं बी.ए. मला हलकं वाटलं असतं. म्हणून मी गेले नाही. मी तुला होल्डवर ठेवलं, वहिनी. आणि पुन्हा हातात घेऊन बघितलं नाही.

जागा किलवणीच्या सुमनला मिळाली. तिच्याकडे दाखला होता, पण तक्त्यावरचे शब्द येत नव्हते. पंधरा दिवस डबा खायच्या सुट्टीत तू तिला ते शिकवलेस. मी चिडले, "तिला कशाला शिकवतेस?" तर म्हणालीस, "ती चुकली तर खराब माल माझ्याकडेच येईल ना पॅक करायला." आणि हसलीस. मला ते हसणं अजून कळलेलं नाही. तू मला माफ केलं होतंस की माझ्याशी बोलणंच सोडून दिलं होतंस? मी विचारणार होते. वाटायचं, विचारू कधीतरी. तू काय कुठे जाणार होतीस.

मग एका सकाळी चिमीची वेणी घालताना "डोकं फार दुखतंय" म्हणालीस. वेणी अर्धी राहिली. दवाखान्यात डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले, कारण मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलले. मुद्दाम बोलले. वाटलं, असं बोललं की जास्त लक्ष देतील. त्यांनी लक्ष दिलंच होतं, काही कमी केलं नाही त्यांनी. डोक्यातली नस फुटली होती. त्यांचा एकही शब्द मला अडला नाही. नऊ वर्षांपूर्वी आपल्या घरात ते कुणाला कळलं नसतं. मला सगळं कळलं. आणि कळून मी काय केलं? काही नाही. दादाने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. "मग आता?" तो म्हणाला. आता काय ते माझ्याकडे कुठल्याच भाषेत नव्हतं. मी तुझ्या पायांपाशी बसले. तुझे पाय नऊ वर्षांत पहिल्यांदा दिवसभर आडवे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

तेरावं झाल्यावर आईने तुझी पेटी उघडली. शालूखाली एक प्लास्टिकचं पाकीट होतं. त्यात अर्ज. तुझ्या अक्षरात. "मा. मुख्याध्यापक यांस. मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी. माझा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा ही विनंती. मला कामावरून सुट्टी नसल्यामुळे माझी नणंद कु. ज्योती, बी.ए., हिला पाठवत आहे. तिच्याजवळ देण्यात यावा." बी.ए.च्या खाली रेघ मारली होतीस. सही इंग्रजीत. तारखेची जागा कोरी.

हा अर्ज तू त्या रविवारच्या आधी लिहिलास की नंतर? आधी लिहिला असशील तर तो माझ्या हातात द्यायचा राहिला. नंतर लिहिला असशील तर, वहिनी, माझं ते बोलणं ऐकूनही तू मलाच पाठवणार होतीस.

परवा मी गेले. कुणाला न विचारता रजा टाकली. शाळा लहान आहे, पुढे कडुनिंब आहे, तू सांगायचीस तसाच. ऑफिसात एक म्हातारे क्लार्क होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला. मग कपाटातून दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा काढला. वर चिठ्ठी होती, न नेलेले दाखले. चार-पाच कागद उलटले आणि एक बाहेर ओढला.

"हा तर तयारच शे," ते म्हणाले. "वडील अर्ज दी गयथात, लेवाले कोनी उनंच नही."

तयार होता. तुझ्या वडिलांनी अर्ज देऊन ठेवलेला, न्यायलाच कुणी आलं नव्हतं. इतकी वर्षं. शिक्का मारून, सही होऊन. मी फक्त जायचं होतं.

"बाई स्वतः नाही आल्या?" माझा चेहरा बघून ते शुद्ध मराठीवर आले.

"सुट्टी नाही मिळत तिला."

"काय करतात?"

"चेकर आहे," मी म्हणाले. "सिल्वासाला. टेबलावर बसून काम असतं."

"छान," ते म्हणाले. "त्यांना सांगा, गावाकडे आल्या तर शाळेत येऊन जा." रजिस्टर पुढे केलं. दाखला नेणाराचं नाव, सही, नातं. नात्याच्या रकान्याशी मी अडले. ते थांबले. तू थांबायचीस तसेच. मग मी नणंद लिहिलं.

गाडीत तो कागद मी किती वेळा वाचला ते विचारू नकोस. नऊ वर्षं आपण दोषांची नावं घोकली. या कागदावर एकही नाही. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण, पालकांच्या इच्छेनुसार.

चिमीने दोरीवरच्या लाल बांगड्या काढून हातात घातल्यात. मी काढू दिल्या. दादा पुन्हा ड्युटीला जायला लागलाय. आई अण्णांच्या खुर्चीवर दारात बसते. काल संध्याकाळी तिच्यापुढे बसून दाखला वाचून दाखवला, शाळेच्या नावापासून मुख्याध्यापकांच्या सहीपर्यंत. तिने पदराने कागदाची कडा पुसली, तिथे काही नव्हतं तरी.

"पुन्हा वाच," म्हणाली. "तेवढंच वाच."

मी तेवढंच वाचलं. वैशाली, इयत्ता आठवी, उत्तीर्ण.